सोपाऱ्याचा दोरा, इजिप्तची वाळू

इजिप्तच्या उकिरड्यात सापडलेलं निळं-पांढरं सुती फडकं. पण सूत कातलेलं आपल्याकडचं! ओळखलं कसं? दोऱ्याला पडलेल्या पिळावरून. आणि या गोष्टीत आपलं नालासोपारा कुठून आलं? वाचा तर खरं...

आधी एक छोटासा प्रयोग. तुमच्या एखाद्या जुन्या कॉटन कुर्त्याचा काठ उसवला असेल, तर त्यातलं एक सूत अलगद ओढून काढा. खिडकीपाशी उभं धरा आणि मोबाइलचा कॅमेरा झूम करून बघा. सुतावर तिरक्या रेघा दिसतील, जिन्याच्या कठड्यासारख्या. त्या रेघा इंग्रजी ‘झेड’ अक्षराच्या मधल्या दांडीसारख्या झुकल्यात, की ‘एस’च्या मधल्या वळणासारख्या? बहुतेक ‘झेड’च निघेल, कारण आजच्या गिरण्यांमधला तोच रिवाज आहे.

ओके, पण यात काय एवढं? आज काहीच नाही. पण दीड-दोन हजार वर्षांपूर्वी सूत यंत्र कातत नव्हतं, माणसाची बोटं कातत होती. आणि बोटांना सवय असते. चाती कुठल्या बाजूला फिरवायची हे मुलगी आईकडे बघून शिकायची, तिची मुलगी तिच्याकडे बघून. ही सवय देशागणिक वेगळी होती. इजिप्तमध्ये हजारो वर्षं लिनन कातलं जायचं. लिनन म्हणजे अळशीच्या खोडातून निघणारा तंतू. तो ओला करून वाळवला की आपसूक ‘एस’च्या दिशेला वळतो, म्हणून इजिप्तच्या बायाबापड्यांनी सूत त्याच दिशेला पिळलं. पुढे लोकर आली, कापूस आला, तरी हात तसाच चालत राहिला. आपल्याकडे पहिल्यापासून कापूस, आणि पीळ ‘झेड’चा.

म्हणजे कापडाचा तुकडा हाताएवढा असो की नखाएवढा, त्यावर रंग नसो, नक्षी नसो, तो एखाद्या भिंगाखाली धरला की जाणकार सांगू शकतो की हे सूत बहुधा कुठल्या दुनियेतल्या हातांनी कातलंय. आपल्या हस्ताक्षरासारखंच हे. नाव लिहिलेलं नसलं तरी अक्षर कुणाचं ते कळतं ना?

कॉप्टिक म्हणजे नक्की काय?

लंडन, पॅरिस, बर्लिन, न्यूयॉर्क... कुठल्याही मोठ्या म्युझियमच्या वस्त्रदालनात ‘कॉप्टिक टेक्स्टाइल्स’ नावाचा एक कोपरा असतोच. कॉप्ट म्हणजे इजिप्तचे मूळचे ख्रिश्चन. शब्द ‘इजिप्त’च्या ग्रीक नावावरूनच आलाय, अरबीतून फिरून. साधारण तिसऱ्या-चौथ्या शतकापासून पुढची काहीशे वर्षं इजिप्तमध्ये जे कापड विणलं गेलं, नेसलं गेलं आणि माणसांबरोबर पुरलं गेलं, त्या सगळ्याला म्युझियमवाले सरसकट ‘कॉप्टिक’ म्हणतात. नेसणारा प्रत्येक जण ख्रिश्चन होता असं मुळीच नाही. ते एक सोयीचं लेबल आहे, आपल्याकडे सगळ्या दाक्षिणात्य पदार्थांना ‘उडपी’ म्हणतात तसं!

या कपड्यांची स्टाइल मात्र भन्नाट आहे. अंगरखा अख्खा एका कापडात विणलेला. एका बाहीपासून सुरुवात करून दुसऱ्या बाहीपर्यंत, मध्ये गळ्याची चीर, मग घडी घालून दोन्ही बाजूंना शिवण. झालं! खांद्यांवरून खाली दोन पट्टे, गुडघ्याशी आणि खांद्याशी गोल किंवा चौकोनी ठिगळासारखी नक्षी. त्यात नाचणारी माणसं, ससे, सिंह, द्राक्षाचे वेल, पुढे पुढे क्रॉस आणि संत. पांढरं अंग लिननचं आणि रंगीत नक्षी लोकरीची, कारण लिननला रंग नीट चढत नाही, लोकरीला झकास चढतो.

मग सुती? तिथेच तर खरी गंमत आहे. या ढिगाऱ्यात सुती कापड दुर्मीळ. काही सुती तुकडे ‘एस’ पिळाचे आहेत, म्हणजे तिथलेच. इजिप्तच्या पश्चिमेकडच्या वाळवंटात दाखला नावाचं ओअ‍ॅसिस आहे. तिथल्या केलिस या गावातून चौथ्या शतकातले ग्रीक आणि कॉप्टिक कागद निघाले आणि त्यात कापसाचे उल्लेख आहेत. ग्रीकमध्ये त्याला ‘झाडाची लोकर’ अशा अर्थाचा शब्द होता. दक्षिणेला नूबियात, कस्र इब्रिमसारख्या ठिकाणीही स्थानिक कापूस पिकायचा. हे खरंखुरं कॉप्टिक काळातलं सुती. आणि मग येतात ते दुसरे तुकडे, ‘झेड’ पिळाचे. परदेशी पाहुणे.

साधं होतं म्हणून फेकलं

हे पाहुणे फार उशिरा ओळखले गेले, त्यालाही कारण आहे. १८८०च्या दशकात अखमीमसारख्या ठिकाणची जुनी दफनं धडाधड उकरली गेली. युरोपात या कापडांची फॅशन आली. डीलर मंडळींनी काय करावं? अंगरख्यातली रंगीत नक्षी कात्रीने कापून घेतली, एकाचे दहा तुकडे करून दहा गिऱ्हाइकांना विकले आणि उरलेलं साधं पांढरं कापड टाकून दिलं. आज म्युझियमच्या काचेमागे जे नीटस चौकोन दिसतात, त्यांच्या कडा इतक्या सरळ का, याचं उत्तर हेच. विणकराची नव्हे, ती दुकानदाराची कात्री आहे.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला हाच सर्वांत वाईट भाग. कारण परदेशातून येणारं सुती कापड बहुतांश साधंच असायचं. चादरी, पडदे, पोती, शिडं. जे साधं होतं ते कचऱ्यात गेलं, आणि त्याच्याबरोबर ते कुणी कातलं याचा पुरावाही.

त्यामुळे पुढचा शोध लागला तो कचऱ्यातच. तांबड्या समुद्राच्या काठावर, सुएझपासून आठशेहून जास्त किलोमीटर दक्षिणेला बेरेनिके नावाचं बंदर होतं. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात वसवलेलं, इसवी सनाच्या सहाव्या शतकात ओस पडलेलं. १९९४ पासून स्टीव्हन साइडबोथम आणि विलेके वेंड्रिख यांच्या टीमने तिथे खणायला सुरुवात केली. राजवाडे वगैरे नाही, गावाचे उकिरडे! पाऊस जवळजवळ नाहीच, त्यामुळे दीड हजार वर्षांपूर्वी फेकलेली चिंधी तशीच्या तशी. कापडाचं काम जॉन पीटर वाइल्ड आणि फेलिसिटी वाइल्ड या ब्रिटिश पतिपत्नींकडे होतं. त्यांनी एकेक चिंधी भिंगाखाली धरली, आणि ‘झेड’ पिळाचं सुती कापड निघतच राहिलं.

चौथ्या-पाचव्या शतकाच्या थरांतून निळ्या जमिनीवर पांढरी नक्षी असलेले तुकडे मिळाले. ही आपली ओळखीची युक्ती. जिथे पांढरं ठेवायचं तिथे मेणाचा किंवा चिकट लेप द्यायचा, कापड निळीत बुडवायचं, मग लेप धुऊन काढायचा. एवढ्या जुन्या काळातलं असं भारतीय कापड प्रत्यक्ष हातात धरायला मिळणं फार दुर्मीळ. अजिंठ्याच्या चित्रांतल्या माणसांच्या अंगावर पट्ट्यापट्ट्यांचे, ठिपक्यांचे कपडे आपण बघतो. चित्रं इथे राहिली, पण कापड मात्र समुद्रापलीकडे मिळालं.

आणि शिडं! सुती शिडांचे तुकडे, त्यावर शिवलेल्या आडव्या-उभ्या मजबुतीच्या पट्ट्यांसकट, सूत पुन्हा ‘झेड’. बेरेनिकेच्या उत्तरेला मायोस होर्मोस या बंदरातही तसेच मिळाले. म्हणजे भारतातून नुसता माल गेला नाही, तर तो ज्या वाऱ्यावर गेला तो वारा धरणारं कापडही आपल्याकडचंच. इमारतींच्या बांधकामात वापरलेलं सागवान मिळालं, बहुधा मोडीत काढलेल्या जहाजांचं. एका भारतीय रांजणात साडेसात किलो काळी मिरी मिळाली. सातवाहनांची दोन नाणी मिळाली. आणि २०२२ मध्ये तर ७१ सेंटीमीटर उंचीची बुद्धमूर्ती निघाली, इसिस देवीच्या देवळाच्या आवारात. २०२३ च्या एप्रिलमध्ये इजिप्त सरकारने ते जाहीर केलं तेव्हा तुम्हीही तो फोटो फॉरवर्ड केला असेल!

...आणि नालासोपारा?

आता आपण घरी येऊ. ‘नालासोपारा’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर काय येतं ते सांगायला नको. दरवाजातली गर्दी, तुंबलेलं पाणी, ऑफिसमध्ये ‘अय्या, एवढ्या लांबून येतोस?’ हे ठरलेलं. पण नाळे आणि सोपारा अशा दोन गावांची नावं जोडून स्टेशनला जे नाव मिळालं, त्यातलं सोपारा हे मुंबई नावाचं काही अस्तित्वातच नव्हतं तेव्हापासूनचं बंदर आहे. संस्कृतात शूर्पारक, अरबांच्या लेखी सुबारा.

आणि ग्रीकांच्या लेखी ‘सुप्पारा’. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या कुणा ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने आपल्यासारख्याच दुसऱ्या व्यापाऱ्यांसाठी एक गाइड लिहिलं, ‘पेरिप्लस’. कुठल्या बंदरात काय विकावं, काय घ्यावं, कुठे खडक आहेत, कुठला राजा त्रासदायक. एकदम प्रॅक्टिकल. त्यात भडोचनंतरच्या बंदरांची यादी सुरू होते ती सुप्पारा आणि कल्याणने. त्याच गाइडमध्ये लिहिलंय की तगर गावाहून साधं कापड मोठ्या प्रमाणावर, आणि तऱ्हेतऱ्हेची तलम वस्त्रं, गाड्यांवर लादून खडतर रस्त्याने भडोचला येतात. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर, असं तो अंतरही देतो. कापसाला त्याने वापरलेला शब्दही ऐका: ‘कार्पासोस’. आपला कापूस!

मग एवढा जवळ सोपारा आणि कल्याण सोडून माल थेट भडोचला का? पॉलिटिक्स. कल्याण बंदर आधी सुरळीत होतं, पण आता तिथे अडवणूक आहे, ग्रीक जहाज चुकून शिरलंच तर पहारा देऊन भडोचला नेतात, असं गाइडवाला सांगतो. उत्तरेतले क्षत्रप आणि दख्खनचे सातवाहन यांची रस्सीखेच चालू होती, आणि त्या भांडणात सोपारा कधी याच्या हातात, कधी त्याच्या. घाट उतरून येणारा व्यापार मात्र थांबला नाही. जुन्नरहून नाणेघाटाने कोकणात उतरलेल्यांनी वर ठेवलेला तो दगडी रांजण पाहिला असेलच, लोक त्याला जकातीचा रांजण म्हणतात.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी. बेरेनिकेच्या चिंध्यांवर ‘मेड इन सोपारा’ असं लेबल नाही. सुताचा पीळ देश सांगतो, बंदर सांगत नाही. त्यातलं काही भडोचहून गेलं असेल, काही सिंधूच्या मुखावरून. पण भडोचपासून कल्याणपर्यंतच्या या किनाऱ्यावरून आणि दख्खनच्या काळ्या मातीतून हे कापड जात होतं एवढं पक्कं, आणि सोपारा त्याच किनाऱ्यावर बसलेलं होतं.

कापड विणणारे कोण? त्यांचा पत्ता नाशिकला लागतो. पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. त्याने भडोच, मंदसोर, गोवर्धन आणि शोर्पारग, म्हणजे आपलं सोपारा, इथे उतारूंसाठी धर्मशाळा बांधल्याचं त्यात आहे. नद्यांवर फुकट होड्या ठेवल्याचंही आहे, त्या नद्यांत एक ‘डाहनुका’, म्हणजे आपल्या पालघर जिल्ह्यातली डहाणूची.

पण तुमच्या-माझ्यासारख्या ईएमआयवाल्यांसाठी खरा मसाला पुढे आहे. उषवदाताने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे २००० कार्षापण ठेव म्हणून ठेवले. व्याज महिना एक टक्का. दुसऱ्या एका विणकर श्रेणीकडे १०००, महिना पाऊण टक्का. अट काय, तर मुद्दल कधीच काढायचं नाही, फक्त व्याज खायचं. आता हिशोब करा: २०००चे वर्षाला २४०. लेण्यात राहणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण, वस्त्रांसाठी. बरोब्बर २४०! पै इकडची तिकडे नाही. वर हा व्यवहार नगरसभेत वाचून दाखवला आणि दप्तरात नोंदवला.

विचार करा. राजाचा जावई आपली फिक्स्ड डिपॉझिट कुणाकडे ठेवतोय? सावकाराकडे नाही, विणकरांकडे. कायमची, न मोडता येणारी ठेव! म्हणजे या मंडळींचा धंदा किती जोरात असेल, आणि त्यांच्यावर विश्वास किती. आज कुठल्या मागवाल्याला कुणी अशी ठेव देईल?

पावसाने पुसलं

एवढं कापड विणलं गेलं, नेसलं गेलं, मग आपल्याकडे त्याचा एक तुकडा का नाही? उत्तर तुमच्या घराच्या भिंतीवर आहे. जुलैमध्ये कपाटाच्या मागच्या भिंतीला जी बुरशी येते ना, तीच. कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. ओल आणि जंतू मिळाले की खलास. वसई-विरारच्या मातीत चार महिन्यांचा पाऊस मुरतो, त्यात कापड काही वर्षांच्यावर टिकत नाही.

जे थोडं मिळालंय ते धातूच्या कृपेने. मोहेंजोदडोला चांदीच्या भांड्याला चिकटून कापसाचे तंतू राहिले. आपल्या नेवाशाला सांकलियांच्या उत्खननात लहान मुलाच्या गळ्यातली तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली, तिच्यातला दोरा तांब्याच्या क्षारांमुळे वाचला, तीन हजारांहून जास्त वर्षं. त्या दोऱ्यात कापूस आणि रेशीम होतं. बास, अशी बोटावर मोजण्याइतकी उदाहरणं.

इजिप्तमध्ये उलट. पाऊस नाही, वाळू कोरडी, वर खारट. म्हणून इथल्या मातीने जे खाल्लं ते तिथल्या वाळूने सांभाळलं. आपल्या कापडाचा इतिहास वाचायचा तर दुसऱ्याच्या उकिरड्यात बघावं लागतं, ही गोष्ट मला तरी थोडी खटकते आणि थोडी आवडतेही. एक्स्पोर्ट केलेला माल एवढा टिकेल असं त्या तेरच्या किंवा गोवर्धनच्या विणकराच्या स्वप्नातही नसेल.

ऑनसाइट असाल तर

बेरेनिके ओस पडलं तरी कापड जायचं थांबलं नाही. सातव्या शतकात अरबांनी आजच्या कैरोशेजारी फुस्तात वसवलं, कॉप्ट लोकांची जुनी वस्ती तिथेच. त्याच्या ढिगाऱ्यांतून आणि कैरोच्या बाजारातून भारतीय ठशांच्या छपाईचे सुती तुकडे मोठ्या संख्येने बाहेर आले, लाल आणि निळे. सुरुवातीला त्यांना ‘फुस्तातचं कापड’ म्हणूनच ओळखत. १९३८ मध्ये आर. फिस्टर यांनी पुस्तक लिहून ते भारतातून आल्याचं मांडलं.

यातला एक मोठा खजिना ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन म्युझियममध्ये आहे. इजिप्तॉलॉजिस्ट पर्सी न्यूबेरी आणि त्यांची पत्नी एसी यांनी जमवलेले बाराशेहून जास्त तुकडे. रूथ बार्न्स यांनी त्यांचा कॅटलॉग १९९७ मध्ये काढला. कार्बन डेटिंगमध्ये काही तुकडे दहाव्या शतकाच्या आसपास गेले, आधी वाटायचं त्यापेक्षा बरेच जुने. बहुतेक माल गुजरातचा मानतात. म्हणजे आपल्या शेजाऱ्यांचा, पण त्याच समुद्राचा.

बघताना एक लक्षात घ्या. हे राजेरजवाड्यांचे शालू नाहीत. स्वस्त, रोजच्या वापरातलं कापड आहे. काही तुकड्यांना ठिगळं आहेत, काहींवर जुनी शिवण उसवून नवी घातलेली. कुणीतरी कैरोमध्ये बसून, आपली आई जुन्या चादरीची पिशवी करते तसं, हे कापड पुन्हा पुन्हा शिवून वापरलं. प्रोजेक्टवर लंडनला गेलात आणि शनिवार रिकामा असेल तर पॅडिंग्टनहून ऑक्सफर्ड तासाभरावर आहे. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम तर लंडनमध्येच. कॉप्टिक विभागात रंगीत ससे आणि सिंह बघा, पण कोपऱ्यातल्या साध्या सुती तुकड्याशीही दोन मिनिटं थांबा. पीळ बघा.

आणि नसाल तर

पासपोर्ट नसेल तरी बिघडत नाही. वेस्टर्न लाइनचा पास पुरे. चर्चगेटला उतरा. टाऊन हॉलमधल्या एशियाटिक सोसायटीकडे सोपाऱ्याच्या स्तूपातला ठेवा आहे. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्यातला ‘बुरूड राजाचा कोट’ नावाचा ढिगारा उघडला. (राजा, आणि तो बुरूड? टोपल्या विणणारा! गावाने आठवण ठेवलीच तर ती विणणाऱ्याच्या नावाने, हे मला फार गोड वाटतं.) आत दगडी पेटी, त्यात तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, मग दगडाचा, स्फटिकाचा, आणि सगळ्यांत आत सोन्याचा. त्यात सोन्याची फुलं आणि मातीच्या भांड्याचे १३ तुकडे. बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून जपलेले. शिवाय यज्ञश्री सातकर्णी या सातवाहन राजाचं चांदीचं नाणं. बेरेनिकेच्या उकिरड्यात ज्या घराण्याची नाणी मिळाली, तेच घराणं.

करंडकात मौल्यवान वस्तू ठेवताना त्या नुसत्या ठेवल्या असतील, की एखाद्या मऊ सुती कापडात गुंडाळून? असलंच तर ते पावसाने नेलं.

सोपाऱ्यातच मिळालेला अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. नवव्याचा तुकडा १९५६ मध्ये आपल्या भुईगावला मिळाला. ही दोन्ही गावं आता २००९ पासून एकाच महापालिकेत आहेत आणि दोघांच्या मधली जमीन भराभर टॉवरखाली जातेय. जुनं बंदर, खाडीचा काठ, गोदामं, वस्ती यातलं फार थोडं आजवर शास्त्रशुद्ध खणलं गेलंय. पाया खोदताना डंपरमध्ये काय काय भरून जातं, हे बघायला तिथे कुणी भिंग घेऊन उभं नसतं.

स्तूप नालासोपारा पश्चिमेला आहे, पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात. स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला ‘बौद्ध स्तूप’ सांगितलं की पुरे. लोक म्हणतील पावसाळ्यात चिखल असतो, हिवाळ्यात जा. माझं ऐकाल तर जुलैतच जा. पेरिप्लसच्या हिशोबाने इजिप्तची जहाजं आपल्याकडे यायला त्याच महिन्यात निघायची.